दात काढल्याने डोळे जात नाहीत, मग डेंटिस्टच्या खुर्चीवर डोळ्यांना खरा धोका कशाचा असतो?

"डॉक्टर, वरची दाढ काढली तर डोळ्यावर परिणाम होणार नाही ना?"

हा प्रश्न ऐकला नाही असा डेंटिस्ट महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. पन्नाशीचे काका दाढ धरून क्लिनिकमध्ये येतात. आठवडाभर झोप नसते, गाल सुजलेला असतो, तरी दाढ काढायची म्हटलं की मागे सरकतात. कारण घरून निघताना आजीने बजावलेलं असतं, "वरचं काही काढू नको रे, डोळ्याची नस तिथूनच जाते." त्यापेक्षा लवंग धरू, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करू.

शेवटी डॉक्टर समजूत घालतात आणि काका खुर्चीवर आडवे होतात. पण आडवे होताना काय करतात? डोळ्यावरचा चष्मा काढून शर्टाच्या खिशात ठेवतात.

पुढचा पाऊण तास त्यांच्या उघड्या डोळ्यांच्या चार बोटं खाली मिनिटाला तीन लाख फेरे घेणारं यंत्र चालतं. चेहऱ्यावरून सुया, अॅसिड आणि ब्लीचच्या सिरिंज इकडून तिकडे जातात. दाताचे तुकडे, जुन्या चांदीचे कण आणि तोंडातलं पाणी उडत असतं. याबद्दल मात्र काका काही विचारत नाहीत, आजीही विचारत नाही. बऱ्याच ठिकाणी डॉक्टरही काही बोलत नाहीत.

म्हणजे भीती डोळ्यांचीच आहे, फक्त ती भलत्याच गोष्टीची आहे.

आधी नसेचा विषय संपवू

चेहऱ्याला स्पर्श, वेदना, गार-गरम कळवणारी एक मोठी नस असते. तिचं नाव ट्रायजेमिनल. हिच्या तीन फांद्या असतात. पहिली कपाळ आणि डोळ्याकडे जाते, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडे, तर तिसरी खालच्या जबड्याकडे. पण या फांद्यांचं काम जाणीव पोहोचवण्याचं आहे, दिसण्याचं नाही. दिसण्यासाठी वेगळी नस आहे, ऑप्टिक नर्व्ह. ती डोळ्याच्या मागून थेट मेंदूकडे जाते. दाताच्या मुळाशी तिचा काही संबंध येत नाही.

दात काढताना तुटतो तो मुळाच्या टोकातून आत शिरलेला नसेचा बारीक धागा. मूळ केबल जागेवरच राहते. वरची दाढ ठणकायला लागली की दुखणं डोळ्याच्या मागे, कानशिलापर्यंत जातं, ते मात्र खरं आहे. एकाच केबलवरच्या दोन फांद्या असल्यामुळे मेंदूचा गोंधळ होतो.

मग ही समजूत इतकी पक्की का झाली? आपल्याकडे जवळचं वाचायच्या चष्म्याला 'चाळिशी' म्हणतात, त्यातच अर्धं उत्तर आहे. दाढा काढायची वेळ येण्याचं आणि जवळचं अंधुक दिसायला लागण्याचं वय साधारण एकच. मार्चमध्ये दाढ काढली आणि दिवाळीला चष्मा लागला, की गावभर बातमी होते.

उरलेलं अर्धं उत्तर इंजेक्शनमध्ये आहे. दात बधिर करायचं औषध क्वचित डोळ्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचतं. मग पेशंटला एकाचे दोन दिसतात, पापणी खाली येते किंवा धूसर दिसतं. औषधाचा अंमल उतरला की हे बहुतेक वेळा आपोआप थांबतं. पण ज्याने तो अर्धा तास काढलाय, तो आयुष्यभर लोकांना सांगत राहणार. दिसणं पूर्ववत झालं नाही तर मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवावं लागतं.

उलट, वरची सडलेली दाढ काढली *नाही* तर डोळ्याला धोका होऊ शकतो. मुळाशी साठलेला पू वरच्या बाजूला, सायनसमधून किंवा गालाच्या आतून डोळ्याच्या खोबणीपर्यंत पसरू शकतो. दातदुखीसोबत पापणी सुजली, ताप आला, डोळा हलवताना दुखायला लागलं किंवा दोन-दोन दिसायला लागलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. तिथे रात्र काढायची नाही.

१९५७ आणि १९५८ : दोन शोध, एक अडचण

दात कोरायचं यंत्र आधी पायाने चालायचं. मग विजेवर आलं, पण पट्ट्याने फिरणारं. त्याचा वेग मिनिटाला काही हजार फेरे. दात कोरायला वेळ लागायचा, जबडा थरथरायचा, पेशंटचा जीव जायचा.

१९५७ मध्ये अमेरिकेत जॉन बोर्डन यांनी हवेच्या दाबावर फिरणारा 'एअरोटर' आणला. वेग थेट मिनिटाला तीन लाख फेरे. आपल्याकडचे डेंटिस्ट आजही या यंत्राला याच नावाने ओळखतात. क्लिनिकच्या बाहेर बसल्यावर जो 'सुंईईई' आवाज ऐकून पोटात गोळा येतो, तो याचाच.

थोडा हिशोब करून बघा. मिनिटाला तीन लाख म्हणजे सेकंदाला पाच हजार फेरे. दात कोरणारा 'बर' एक मिलिमीटर जाडीचा धरला, तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण १५ मीटर होतो. म्हणजे ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. या वेगाने बाइकवर जाताना हेल्मेटची काच वर ठेवली आणि डोळ्यात चिलट गेलं, तर काय होतं हे तुम्हाला माहीतच आहे. इथे चिलटाच्या जागी इनॅमल असतं, आणि आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ म्हणजे इनॅमल.

पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, पूर्ण आडवी होणारी डेंटल चेअर बाजारात आली. तोपर्यंत पेशंट बसायचा आणि डॉक्टर उभा राहायचा. तोंडातून पडणारं काहीही छातीवरच्या कापडावर पडायचं. आता पेशंट झोपला, डॉक्टर स्टुलावर बसला. डॉक्टरांची कंबर वाचली, काम चांगलं व्हायला लागलं, सगळं मान्य. पण पेशंटचे डोळे छताकडे आले आणि त्यांच्यावरून हत्यारं फिरायला लागली. डॉक्टरांचा चेहरा पेशंटच्या तोंडापासून फूट-दीड फुटावर आला.

एका शोधाने गोष्टी उडायला लागल्या आणि दुसऱ्याने डोळे त्यांच्या वाटेत आणून ठेवले. चष्मा या दोघांसोबतच यायला हवा होता. तो पुष्कळ ठिकाणी अजून पोहोचलेला नाही.

उडतं काय काय?

दात साफ करताना सुटणारं कीटण हे दगडासारखं कडक असतं, शिवाय त्यात जंतू ठासून भरलेले असतात. त्याशिवाय जुनी चांदी काढताना तिचे तुकडे, कॅप कापताना धातूचा चुरा, ब्रेसेसची तार कापली की तिचं टोक. कधी तर बरच तुटतो.

पाणी वेगळंच. एअरोटर आणि दात साफ करायचं अल्ट्रासोनिक मशीन, दोन्ही पाण्याशिवाय चालत नाहीत, नाहीतर दात तापेल. ते पाणी तोंडातली लाळ आणि रक्त घेऊन बाहेर उडतं. १९६९ मध्ये अमेरिकन संशोधकांनी या उडण्याचे दोन भाग केले. ५० मायक्रॉनपेक्षा लहान थेंब ते एरोसोल, मोठे ते शिंतोडे. एरोसोल हवेत तरंगत राहतो आणि श्वासातून आत जातो. शिंतोडे बंदुकीच्या छऱ्यासारखे सरळ जाऊन आपटतात. आपटायची जागा म्हणजे डॉक्टरांचा चेहरा, असिस्टंटचा चेहरा आणि पेशंटचं स्वतःचं तोंड-नाक-डोळे.

कोव्हिडच्या काळात सगळी चर्चा एरोसोलची झाली, कारण मुद्दा फुप्फुसाचा होता. डोळ्यांच्या बाबतीत जास्त काळजी शिंतोड्यांची करायला हवी.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेला कॉर्निया म्हणतात. तिची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. वरवरचा ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. पण ओरखड्यातून जंतू आत गेले तर जखम होते, ती भरताना पांढरा डाग राहतो. गावाकडे ज्याला 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात, ते हेच. फूल मध्यभागी पडलं तर नजर जाते, आणि मग कॉर्निया बदलण्याच्या ऑपरेशनपर्यंत गोष्ट जाते.

रूट कॅनल आणि ब्लीच

रूट कॅनल करताना क्लिनिकमध्ये स्विमिंग पूलसारखा वास आला असेल, तर तो सोडियम हायपोक्लोराइटचा. सोप्या भाषेत ब्लीच. लादी आणि पांढरे कपडे साफ करायला जे वापरतात त्याच जातीचं. दाताच्या मुळातली मेलेली नस विरघळवायची आणि जंतू मारायचे, तर याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं औषध दुसरं नाही. साधारण अर्धा टक्का ते सव्वापाच टक्के तीव्रतेचं द्रावण वापरलं जातं. दाताच्या आत ते गुणकारीच आहे.

अडचण होते ती सिरिंजमध्ये. रूट कॅनलची सुई फार बारीक असते. ती मुळात अडकली किंवा चोंदली की हाताने जोर लावला जातो. सुई नुसती खोचून बसवलेली असेल तर जोर लावल्यावर निसटते आणि आतलं सगळं ब्लीच फवाऱ्यासारखं उडतं. म्हणून फिरवून घट्ट बसणारी सुईच वापरायची असते. दुसरा प्रकार आणखी साधा. असिस्टंट भरलेली सिरिंज पेशंटच्या चेहऱ्यावरून डॉक्टरांच्या हातात देते आणि टोकाचा एक थेंब खाली पडतो. तो डोळ्यातच पडेल असं नाही, पण पडायला जागा तीच आहे.

त्या एका थेंबाचं इतकं काय? हे समजून घेण्यासारखं आहे, कारण आपल्याला अॅसिडची भीती वाटते आणि ब्लीच घरचंच वाटतं. अॅसिड डोळ्यात गेलं की वरच्या थरातलं प्रोटीन गोठतं, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तसं. जखम होतेच, पण गोठलेला थर पुढे जाणाऱ्या अॅसिडला थोडा अडवतो. ब्लीच हे अल्कली आहे. अल्कली आणि तेल एकत्र आलं की साबण होतो, घरगुती साबण असाच बनतो. डोळ्याच्या पेशींचं आवरणही चरबीचंच असतं. अल्कली त्या आवरणाचा अक्षरशः साबण करते आणि आत-आत जात राहते. बाहेरून डोळा फक्त लाल दिसत असतो, तेव्हा आत काम चालूच असतं.

दात भरण्याआधी जे निळं जेल लावतात, ते ३७ टक्के फॉस्फरिक अॅसिड असतं. तेही चेहऱ्यावरूनच जातं.

यातलं काहीही डोळ्यात गेलं तर पहिलं काम एकच, डोळा धुणं. ताबडतोब, त्याच खुर्चीवर. फोन करत बसायचं नाही, डोळ्यांचे डॉक्टर कुठे आहेत ते शोधत बसायचं नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरायच्या आणि सलाइन किंवा स्वच्छ नळाचं पाणी सोडत राहायचं, कमीत कमी १५ ते २० मिनिटं. मोबाइलवर टायमर लावायचा, कारण आतून तीन मिनिटंसुद्धा फार वाटतात. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर धुता-धुता काढायची. ब्लीचवर उतारा म्हणून व्हिनेगर किंवा लिंबू असलं काही घालायचं नाही. क्लिनिकमध्ये सलाइनची अर्धा लिटरची बाटली आणि नळी असेल तर उत्तम. दातावर पाणी मारायची पिचकारी मात्र वापरायची नाही. तिचा दाब जास्त असतो, आणि तिच्या पाण्याचा विषय पुढे येतोच आहे. धुऊन झालं की मग डोळ्यांचे डॉक्टर. बरं वाटलं तरीही.

आता जंतूंचं बघू

तोंडातलं रक्त डोळ्यात उडालं तर आजार होऊ शकतो का? होऊ शकतो. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचं पातळ आवरण ओलं असतं, आणि डोळ्यातलं पाणी बारीक नळीतून नाकात उतरतं. त्यामुळे डोळा हा शरीरात शिरायचा एक दरवाजाच आहे.

एचआयव्हीचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त भीती त्याची असते. बाधित रक्त डोळ्यासारख्या ओल्या जागेवर उडालं तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.०९ टक्के धरली जाते. म्हणजे हजारात एकापेक्षा कमी. ती आणखी कमी करायची औषधं सरकारी एआरटी सेंटरवर मिळतात. शक्य असेल तर दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. कोर्स २८ दिवसांचा.

खरा चिवट आहे तो हेपटायटिस बी. हा विषाणू सुकलेल्या रक्ताच्या डागात, टेबलावर, सात दिवस टिकू शकतो. याच्यावर लस आहे, तीन डोसची, पहिला दिवस, एक महिना आणि सहा महिने असा तिचा क्रम असतो. डॉक्टरांनी ती शिकत असतानाच घेतलेली असते. पण क्लिनिकमध्ये हत्यारं घासणाऱ्या मावशींनी घेतली आहे का, हे विचारलंत तर उत्तर यायला वेळ लागेल. हेपटायटिस सीवर तर लसच नाही. रक्त डोळ्यात उडून हेपटायटिस सी झाल्याची नोंद १९९३ मध्ये 'स्कँडिनेव्हियन जर्नल ऑफ इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये छापून आली आहे.

ओठावर तापाचे फोड येतात, ते हर्पिसचे. असा फोड असताना दात साफ करायला गेलात तर त्यातला विषाणू शिंतोड्यातून किंवा ग्लोव्हजच्या बोटातून डोळ्यात जाऊ शकतो, तुमच्या आणि डॉक्टरांच्याही. कॉर्नियावर हर्पिस झाला की तो बरा होतो आणि परत येतो. मधल्या काळात हा विषाणू ज्या नसेच्या गाठीत लपून बसतो, ती म्हणजे ट्रायजेमिनल! आजीच्या नसेचा डोळ्याशी संबंध लागतो तो असा. त्यामुळे फोड आला असेल आणि काम तातडीचं नसेल तर अपॉइंटमेंट पुढे ढकला.

डोळे आले असतील तेव्हाही तेच. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदीपासून सुरू झालेली साथ आठवत असेल, शाळेतल्या मुलांचे डोळे धडाधड यायला लागले होते. हा विषाणू हाताने, टॉवेलने, उपकरणाने पसरतो. डोळे आलेल्या डॉक्टरांनी घरी थांबायचं आणि पेशंटनेही.

आणि आता ते पाणी. डेंटल चेअरमध्ये पाणी बारीक नळ्यांतून येतं. रात्रभर पाणी साठून राहिलं की नळीच्या आतून जंतूंचा बुळबुळीत थर बसतो, माठ बरेच दिवस घासला नाही तर बसतो तसा. अमेरिकेच्या सीडीसीने साध्या कामाच्या पाण्यासाठी मर्यादा घातली आहे, एका मिलिलिटरमध्ये जंतूंच्या ५०० वसाहतींच्या वर नको. शिवाय दर पेशंटनंतर २० ते ३० सेकंद पाणी सोडून नळी धुवायची. अशा नळ्यांमध्ये स्यूडोमोनास नावाचा जंतू आणि अकांथअमीबा सापडलेले आहेत. प्यायल्याने निरोगी माणसाला बहुतेक काही होत नाही. पण ओरखडा असलेल्या कॉर्नियाला हे दोघंही फार वाईट. कॉन्टॅक्ट लेन्सखाली ते अडकले तर आणखी वाईट. त्यामुळे लेन्स वापरत असाल तर दातांच्या कामाच्या दिवशी साधा चष्मा लावून जा.

निळा लाइट

दातात सिमेंट भरलं की वर निळा लाइट धरतात. त्या उजेडाने सिमेंट काही सेकंदांत कडक होतं. हा उजेड कपाळावरच्या टॉर्चसारखा साधा नसतो. निळ्या प्रकाशाचा इतका दाट झोत डोळ्याच्या पडद्याला इजा करू शकतो. पेशंटला दिवसातून एकदा वीस सेकंद, त्याने विशेष बिघडत नाही. पण डॉक्टर आणि असिस्टंट रोज, वर्षानुवर्षं. म्हणून त्या लाइटवर नारिंगी काच असते, आणि ती पुष्कळदा कपाटात पडलेली असते. मान फिरवून काम भागत नाही, कारण नजर हटली की लाइट दातावरून हलतो आणि सिमेंट कच्चं राहतं. म्हणजे काही वर्षांनी पेशंटची फिलिंग पडणार आणि डॉक्टरांच्या डोळ्यांचा वाचवलेला उजेड फुकट जाणार.

चष्मा असताना वापरत का नाहीत?

गंमत म्हणजे ही सगळी माहिती डेंटल कॉलेजमध्ये शिकवली जाते. अमेरिकेत १९९१ मध्ये ओशा या कामगार सुरक्षा संस्थेने नियमच केला, रक्त-लाळ उडायची शक्यता असेल तिथे मालकाने कर्मचाऱ्याला डोळ्यांचं संरक्षण द्यायलाच हवं. २००३ च्या सीडीसीच्या गाइडलाइन्समध्ये पेशंटलाही चष्मा देण्याचा उल्लेख आहे. आपल्याकडे मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डेंटिस्टसाठी कोव्हिडच्या वेगळ्या सूचना काढल्या, आणि रातोरात प्रत्येक क्लिनिकमध्ये गॉगल आणि फेस शील्ड आलं. साथ ओसरली तसं तेही गेलं.

कारणं अगदी साधी आहेत. मास्क लावला की चष्म्यावर वाफ धरते. दर पेशंटनंतर पुसून-पुसून प्लॅस्टिकवर चरे पडतात, मग नीट दिसत नाही. काही डॉक्टरांना वाटतं, आपला नंबरचा चष्मा आहे तो पुरे. तो पुरत नाही. डॉक्टर खाली बघून काम करतात, आणि तेव्हा चष्म्याच्या खालून आणि बाजूने मोठी फट राहते. उडणारी गोष्ट खालूनच येत असते. फेस शील्डचंही तसंच, हनुवटीखाली ते उघडं असतं. बाजू झाकलेला, गालाला लागून बसणारा चष्माच हवा.

पण डॉक्टरांना निदान निवड असते. सगळ्यात उघडे डोळे असतात ते असिस्टंटचे. ती पेशंटच्या दुसऱ्या बाजूला, सक्शन धरून, तितकीच वाकलेली असते. डॉक्टरांच्या डोळ्यावर भिंगाचा चष्मा आणि तिच्या डोळ्यावर काहीच नाही, हे चित्र अगदी नेहमीचं आहे. मला यातलं सगळ्यात न पटणारं हेच वाटतं. पेशंट गेल्यावर तीच किंवा मावशी ब्रशने हत्यारं घासतात, तेव्हाही शिंतोडे चेहऱ्यावर.

आणि जो कधी दिसतच नाही तो लॅबमधला टेक्निशियन. कुठल्या तरी गल्लीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तो दिवसभर कवळ्या घासतो, धातूच्या कॅप ग्राइंडरवर धरतो, फिरत्या चाकावर पॉलिश मारतो. वेल्डिंगवाल्याच्या आणि त्याच्या कामात डोळ्यांच्या दृष्टीने फारसा फरक नाही. वेल्डिंगवाल्याकडे निदान काळी काच तरी असते.

डोळ्यात कण गेलाच तर

चोळायचा नाही. स्वच्छ पाण्याने किंवा सलाइनने धुवायचा. निघाला नाही, टोचत राहिलं, डोळा उघडवत नसेल, अंधुक दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. ते डोळ्यात एक नारिंगी औषध टाकून निळ्या उजेडात बघतात, ओरखडा असेल तर तो हिरवा चमकतो. पाच मिनिटांचं काम आहे. एरंडेल, मध, गुलाबजल, दूध, आणि काही भागात अजून चालतं तसं जिभेने कण काढून घेणं, यातलं काहीही नको. उघड्या ओरखड्यावर दुसऱ्याच्या तोंडातले जंतू म्हणजे आगीतून फुफाट्यात.

मेडिकलमधून 'डोळे लाल झालेत, एखादा ड्रॉप द्या' म्हणून औषध आणणंही टाळा. अशा ड्रॉपमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस डोळा पांढराशुभ्र होतो, बरं वाटतं. आत हर्पिस किंवा बुरशी असेल तर ती तेवढ्या वेळात पसरते.

पेशंट म्हणून तुमच्या हातात काय आहे, तर खुर्चीवर पाठ टेकायच्या आधी चष्मा मागणं. "डॉक्टर, डोळ्यावर लावायला काही आहे का?" एवढंच. हार्डवेअरच्या दुकानात असा साधा सेफ्टी चष्मा शे-दोनशे रुपयांत मिळतो, वाटलं तर स्वतःचा न्या. वरच्या दिव्याचा झगझगाट होतो म्हणून उन्हाचा गॉगल लावलात तरी चालेल, काहीच नसण्यापेक्षा तो कितीतरी बरा. लहान मुलांना गॉगल लावायला आवडतोच. आणि घरातलं कुणी नंबरचा चष्मा लावत असेल, तर तो काढून खिशात ठेवायचा नाही, काम संपून खुर्ची सरळ होईपर्यंत डोळ्यावरच राहू द्यायचा.